आर्ट्सला कशाला लॅपटॉप?

आमच्या आजोबांनी चेतक स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा बाबा बालवाडीत होते आणि स्कूटर दारात आली तेव्हा ते हायस्कूलला जात होते, असे आमच्या घरात सांगतात. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण फार नाही. १९७२ साली आलेली ही स्कूटर तयार व्हायची आकुर्डीला, म्हणजे आमच्याच उद्योगनगरीत. आणि तरीही ती हाती यायला इथल्या माणसालासुद्धा वर्षानुवर्षे थांबावे लागे. कोणत्या कंपनीची घ्यावी, कोणते मॉडेल घ्यावे, असले प्रश्न आजोबांना पडलेच नाहीत. नंबर लागला, पैसे भरले, पेढे वाटले. त्या काळी वाट होती, निवड नव्हती. आमच्या काळी नेमके उलटे झाले आहे. दुकानात गेले की अर्ध्या तासात लॅपटॉप पिशवीत घालून देतात; पण त्या अर्ध्या तासाआधी दोन महिने झोप उडते. २०२५ च्या दिवाळीला आमच्या घरी हे दोन महिने येऊन गेले. त्यांत मी जे शिकले ते चार मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावे आणि त्या निमित्ताने मनात साचलेले थोडे बोलूनही टाकावे, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही मोशीला राहतो. बाबा भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात इन्स्पेक्शनला आहेत. इतरांनी बनवलेला माल मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचे, हे त्यांचे तीस वर्षांचे काम. बोनस हातात आला, त्यात आईच्या भिशीचे पैसे पडले आणि एका गुरुवारी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, बाबांनी मला समोर बसवले. "चाळीस हजार आहेत. वर एक रुपया नाही आणि हप्ता काढायचा नाही. तुझ्या कॉलेजला लागतोय ना लॅपटॉप? कोणता घ्यायचा ते तूच ठरव, पोरी." एवढे बोलून ते पेपर वाचायला लागले. चाळीस हजार म्हणजे घरातल्या किती रविवारांचे ओव्हरटाइम, हे मला ठाऊक होते. म्हणून आनंद झाला त्याहून धास्ती जास्त वाटली.

त्याच संध्याकाळी आत्या आली. बातमी ऐकून म्हणाली, "आर्ट्सला कशाला लॅपटॉप? इंजिनिअरिंगला असती तर गोष्ट वेगळी." आत्या मनाने वाईट नाही. तिने फक्त सगळ्या पिंपरी-चिंचवडच्या मनातले वाक्य उच्चारले. आमच्या या पट्ट्यात टर्नर, फिटर, डिप्लोमा, बी. ई. ही माणसे लोकांना कळतात. ती काय करतात ते डोळ्यांना दिसते. आर्ट्सचा विद्यार्थी काय करतो ते दिसत नाही. म्हणून तो काहीच करत नाही असा समज आहे. त्याला लागून लागून काय लागणार? एक वही आणि एक पेन!

तेव्हा आधी आत्याला उत्तर देते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आम्हांलाही क्षेत्रप्रकल्प आले आहेत. माझा विषय अर्थशास्त्र. पहिल्या प्रकल्पासाठी मी चाकणच्या मजूर अड्ड्यावर जाऊन साठ माणसांच्या मुलाखती घेतल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली माणसे. सकाळी आठच्या आत काम मिळाले तर मिळाले. त्यांची मजुरी, खोलीचे भाडे, गावी पाठवलेले पैसे या साऱ्याचा तक्ता मी मोबाइलवर केला. पाच इंचांच्या पडद्यावर अकरा रकाने! डावीकडचे नाव दिसले की उजवीकडची मजुरी दिसत नाही. शेवटी बावीस पाने झेरॉक्सच्या दुकानात पानामागे वीस रुपये देऊन टाइप करून घेतली. टाइप करणाऱ्याने ती जुन्या फॉन्टमध्ये केली होती. दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली तर मजुरांच्या जागी नुसती चिन्हे आणि चौकोन. पुन्हा घाई, पुन्हा पैसे. गुण मिळाले, पण 'मांडणी' या सदरातले कापले गेले. अड्ड्यावर उभे राहून मी जे पाहिले ते त्या बावीस पानांत नीट उतरलेच नाही, याचे दुःख मला गुणांपेक्षा अधिक आहे.

शिवाय मराठीच्या, इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आज निम्मे ग्रंथालय पडद्यावर आले आहे. मोल्सवर्थचा १८३१ साली निघालेला शब्दकोश, त्याची १८५७ ची आवृत्ती, विश्वकोशाचे खंड, जिल्ह्यांची गॅझेटिअर्स, हे सारे पैसे न देता वाचता येते. शासनाची संगणक टंकलेखनाची मराठी ३० शब्दांची परीक्षा दिल्यावाचून मराठी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी सहसा उभे राहता येत नाही. आणि आमच्या वर्गातले निम्मे जण त्याच परीक्षांच्या वाटेवर आहेत. तेव्हा आर्ट्सला लॅपटॉप कशाला, हा प्रश्न आता विचारणाराचे वय सांगतो, दुसरे काही नाही.

पण आत्याला निरुत्तर करणे सोपे होते. धाकट्या भावाला करणे अवघड. तो अकरावीत. त्याचे म्हणणे, "ताई, घेतेच आहेस तर गेमिंगचा घे." त्याने दाखवलेल्या चित्रांतल्या यंत्रांच्या कळांतून निळा-लाल उजेड येत होता आणि किमती आमच्या रकमेच्या दुप्पट होत्या. मी आधी त्याच्यावर ओरडले. मग लक्षात आले की तो शेजारच्या मुलांबरोबर तासावर पैसे देऊन गेमिंग कॅफेत बसतो आणि ते पैसे डब्यातून वाचवतो. घरात एकच यंत्र येणार, ते दहा वर्षांत एकदा येणार. त्यात त्याचा वाटा नाही असे म्हणायला मी कोण? आजोबांच्या स्कूटरवरसुद्धा नुसती कामाची ने-आण झाली नाही; आळंदीची वारी आणि लोणावळ्याची सहलही झाली.

खेळाला आपल्याकडे उगाच पाप मानतात. २०२० साली पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात आपल्या पुराणकथा आहेत, राजस्थानी वाड्यांची वास्तू आहे, पहाडी चित्रशैलीचा हात आहे. कोणीतरी कथा लिहिल्याशिवाय, चित्रे अभ्यासल्याशिवाय, संगीत रचल्याशिवाय असा खेळ होत नाही. म्हणजे ते काम आपल्याच शाखेचे की! तेव्हा आमच्या यंत्रावर अभ्यासाबरोबर हलके खेळही चालले पाहिजेत, असे मी स्वतःच यादीत लिहिले. 'हलके' हा शब्द मात्र जाड अक्षरांत लिहिला.

यादी घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी वाचली आणि विचारले, "यातला सर्वांत चांगला कोणता, असं शोधते आहेस का?" मी म्हटले, "हो." ते हसले. म्हणाले, "म्हणूनच दोन महिने लागतायत. आम्ही कारखान्यात सर्वांत चांगला जॉब शोधत नाही. आम्ही गेज लावतो." मग त्यांनी समजावून सांगितले. भोक बरोबर पडले आहे का ते पाहायला प्लग गेज असतो. त्याचे एक टोक भोकात गेलेच पाहिजे. त्याला म्हणतात 'गो'. दुसरे टोक जाता कामा नये. ते 'नो गो'. भोक लहान असेल तर पहिले टोक जात नाही, मोठे असेल तर दुसरेही जाते. दोन्ही रिजेक्ट. "लहान जसं वाईट, तसं गरजेपेक्षा मोठंही वाईटच. आणि आधी ड्रॉइंग लागतं. ड्रॉइंगशिवाय जॉब हातात घ्यायचा नाही. तुझं ड्रॉइंग काय?"

मित्रहो, लॅपटॉपविषयी मी पुष्कळ वाचले, पुष्कळ पाहिले. पण याहून शहाणपणाचे मला काही सापडले नाही. आपण 'सर्वांत चांगले' शोधतो म्हणून फसतो. सर्वांत चांगल्याला अंत नाही. दोन हजार वर टाकले की त्याहून चांगले असतेच. दुकानदाराचा धंदा या 'दोन हजारां'वरच चालतो. आपल्या कामाचे ड्रॉइंग हातात असेल, तर मात्र कोणतेही यंत्र समोर आले की उत्तर दोनच: पास किंवा रिजेक्ट.

माझे ड्रॉइंग असे निघाले. लिहिणे, तक्ते, वीसेक पाने एकदम उघडून वाचणे, व्याख्यान ऐकता ऐकता टिपणे घेणे. रोज मोशीहून बसमध्ये उभ्याने नेणे. किमान पाच वर्षे टिकणे. भावासाठी जुना क्रिकेटचा खेळ, माइनक्राफ्ट आणि व्हॅलोरंट. आता एकेक माप घेऊ.

पहिले माप मेमरीचे, म्हणजे रॅमचे. विंडोज ११ चालवायला ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण पुरते असे कागदावर लिहिलेले असते. ते खरे आहे. पण ते 'किमान भाड्याची खोली' म्हणण्यासारखे आहे. आत पाय पसरायला जागा नाही. माझ्या एका मैत्रिणीने अशाच मापाचे नवे यंत्र स्वस्तात घेतले. त्यात साठवणीला ईएमएमसी नावाची चिप होती, तीही ६४ जीबीची. विंडोजची एक मोठी दुरुस्ती आली आणि जागा संपली. आता ते यंत्र तिच्या घरी सिनेमा पाहायला आहे. तेव्हा ८ जीबी मेमरी हे 'गो' टोक. खेळ खेळायचे असतील तर १६ बरी. साठवण एसएसडीच हवी, जुनी फिरती हार्ड डिस्क नको. आणि ५१२ जीबी पुरेशी. यंत्रात ५१२ च्या जागी ४७६ दिसते म्हणून घाबरू नये. कंपनी हजारांनी मोजते, यंत्र एक हजार चोवीसांनी मोजते. चोरी कोणी केलेली नसते.

मेमरीत आणखी एक मेख आहे. काही यंत्रांत ती बोर्डाला सोल्डर केलेली असते; ती जन्मभर तेवढीच. काहींत एक जागा रिकामी असते. पुढे पट्टी आणून बसवता येते. दोन पट्ट्या असल्या की खेळाचे चित्रही सुधारते, कारण स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्र काढणारा भाग हीच मेमरी वापरतो. इंटेलच्या काही प्रोसेसरांत तर एकच पट्टी असेल तर आयरिस एक्सई हे नावसुद्धा गळून पडते आणि नुसते यूएचडी उरते. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: "एक स्लॉट रिकामा आहे का?" याचे उत्तर गुळमुळीत आले तर पुढच्या दुकानात जावे.

दुसरे माप प्रोसेसरचे. इथे नावांचा मोठा गोंधळ आहे आणि आपल्या भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी तो ओळखायला हवा. कारण हा सारा शब्दांचा खेळ आहे. 'आय-७ म्हणजे भारी, आय-३ म्हणजे गरिबाचा' असे आपण समजतो. पण २०१६ च्या आय-७ ७५००यू या प्रोसेसरात दोनच गाभे आहेत आणि बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यू मध्ये सहा. इयत्ता पाहिल्याशिवाय तुकडी विचारण्यात अर्थ नाही! एएमडीचे त्याहून गमतीचे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावे शेजारी ठेवली तर सख्खी भावंडे वाटतील. पण तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ही रचना २०१९ ची; त्यात चार गाभे आणि चित्र काढणारा भाग अगदी बेताचा. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. सहा गाभे आणि चित्राची ताकद बरीच अधिक. पहिला ७ मात्र दोघांच्याही कपाळावर ठसठशीत. शेवटचे अक्षरही वाचावे. 'यू' असेल तर प्रोसेसर साधारण १५ वॉटचा, बॅटरी जपणारा. 'एच' असेल तर ४५ वॉटच्या घरातला. जोरकस, पण तापट.

यातूनच तिसरे माप येते, बॅटरी आणि वजन. हिशोब सोपा आहे. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात. ४२ वॉट-तासांची बॅटरी आणि लिहिण्या-वाचण्याला सरासरी ८ वॉट धरले तर पाच तास झाले. तीच बॅटरी खेळाला २८ वॉट लागली तर दीड तास. गेमिंगची यंत्रे सव्वादोन-अडीच किलोंची, वर विटेएवढा चार्जर. मोशी ते नाशिक फाटा गर्दीच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभे राहणाऱ्याला हे वजन 'नो गो' टोकाचे. दीड-पावणेदोन किलोंवर मी रिजेक्टचा शिक्का मारला. भावाने तोंड वाकडे केले. पण बस माझी होती.

चौथे माप पडद्याचे आणि कळफलकाचे. जाहिरातीत याबद्दल सर्वांत कमी लिहितात आणि आपल्या शाखेला याचीच सर्वांत जास्त गरज. आपण दिवसचे दिवस वाचणार आणि लिहिणार. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा आता घेऊच नये. १९२० बाय १०८० हवा, म्हणजे दोन पाने शेजारी शेजारी दिसतात. आयपीएस पडदा असेल तर बाजूने पाहिले तरी रंग उडत नाहीत. दुकानात उभे राहून दोन ओळी मराठी टाइप कराव्यात. कळा बोटांना कशा लागतात ते कळते. आणि एक विनंती. टाइप करायला शिकायचे ते युनिकोडमध्येच. १९९१ मध्ये ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी शहाणी मांडणी आहे. ती महिनाभरात येते. आयआयटी कानपूरला रुजलेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र आपल्या लिपीसाठीच होते. १९८८ साली सुरू झालेल्या आणि १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक बांधणाऱ्या या संस्थेपासून आपण बसच्या अंतरावर राहतो. तरीही आपले प्रकल्प मराठीचे चौकोन करून छापले जावेत, ही लाजेची गोष्ट आहे.

आता खेळांचे माप. २००६ साली आलेला 'क्रिकेट ०७' आजच्या कोणत्याही यंत्रावर धावतो. माइनक्राफ्टला ८ जीबी मेमरी असलेली बरी. व्हॅलोरंट साध्या यंत्रावरही चालावा अशा बेतानेच केलेला आहे. मात्र विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन गोष्टी लागतात. म्हणजे ग्राफिक्स कार्डाशिवाय भावाचे तिन्ही खेळ भागत होते. ज्याला नव्या काळातले अवजड खेळच खेळायचे आहेत त्याने चाळीस हजारांत नवे यंत्र शोधत फिरू नये. त्याने पैसे साठवावेत किंवा घरी टेबलावरचा संगणक जुळवावा. "थोडे थोडे सगळेच" चालवणारे यंत्र शोधायला गेलो तर काहीच धड न चालवणारे हाती लागते.

आणखी एक वाट होती, वापरलेल्या लॅपटॉपची. हिंजवडी, तळवडे या भागांतल्या कंपन्या काही वर्षे वापरून यंत्रे काढून टाकतात आणि ती दुरुस्त होऊन बाजारात येतात. ही कार्यालयीन यंत्रे दणकट असतात, त्यांचे कळफलक नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा चांगले असतात, आणि कमी पैशांत येतात. माझा त्यांना विरोध नाही. ज्याच्याकडे वीस हजारच आहेत त्याला तर मी हेच सुचवेन. फक्त इयत्ता पाहावी. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांना रीतसर घेत नाही. 'आय-७ अवघ्या पंधरा हजारांत' अशी पाटी दिसली की सातव्या पिढीचा तर नाही ना ते आधी वाचावे. बॅटरी बदलायची आहे असे धरूनच भाव करावा. पक्के बिल घ्यावे. लिहिण्यासाठी लिबरऑफिस फुकट मिळते आणि त्याच्या सूचना मराठीतही वाचता येतात. चोरीची सॉफ्टवेअरे टाकून देणाऱ्या दुकानदाराचे आभार मानून ती नाकारावीत.

आमचे काय झाले ते सांगते. गेज लावत गेले तशी यादी अठरावरून तीनवर आली. त्यातले आय-३ १२१५यू चे, ८ जीबी मेमरीचे, ५१२ एसएसडीचे, एक स्लॉट रिकामा असलेले नवे यंत्र आम्ही घेतले. रकमेतून पैसे उरले. दुकानदार म्हणाला, "आत्ताच आणखी ८ जीबी टाकून घ्या." मला तो 'दोन हजार वर टाका'वाला वाटला. मी म्हटले, "पुढे बघू." इथे मी चुकले. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली होती आणि भाव चढत होते. पुढच्या महिन्यांत त्या पट्टीची किंमत इतकी वाढली की भाऊ अजून वाट पाहतो आहे. बाबा काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये १६ बरी असं तूच लिहिलं होतंस." दुकानदारावर विश्वास न ठेवणे हे शहाणपण, पण त्याच्यावर संशय घेता घेता स्वतःच्या यादीवर विश्वास न ठेवणे हा मूर्खपणा. तो आपल्यापैकी कोणी करू नये म्हणून सांगितला.

इथवर लेख विद्यार्थ्यांसाठी झाला. आता दोन शब्द प्राध्यापकांसाठी, नम्रपणे.

लॅपटॉप कसा निवडावा हा प्रश्न ज्याच्या घरी चाळीस हजार आहेत त्याचा. आमच्या वर्गात ज्यांच्या घरी चार हजारही एकरकमी नाहीत अशी मुले आहेत. मजूर अड्ड्यावर मी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांतल्या एकाची मुलगी आपल्याच महाविद्यालयात आहे, हे मला मुलाखत संपताना कळले. ती माझ्याच बाकाच्या मागे बसते. तिचा प्रकल्प मोबाइलवर होतो आणि माझा आता पंधरा इंचांच्या पडद्यावर. दोघींना गुण देणारी फूटपट्टी एकच. माझी मांडणी यंदा सुधारली याचा मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी शरमही वाटली. मी हुशार झाले नव्हते. फक्त माझा पडदा मोठा झाला होता.

पूर्वी महाविद्यालयांत पुस्तकपेढ्या निघाल्या. ज्याला पुस्तक विकत घेणे जमत नाही त्याने वर्षभर न्यावे आणि परत करावे, इतकी साधी कल्पना. तिने किती जणांना पदवीपर्यंत नेले असेल! आज तशीच एक संगणकपेढी का निघू नये? आपल्या भोवती पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखानेच कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. त्यांच्या कार्यालयांतून निघणारी दहा-वीस यंत्रे दर वर्षी आपल्या पेढीत आली, तर त्यांना ते जड नाही आणि आपल्याला तो मोठा आधार आहे. विचारायला कोणीतरी गेले मात्र पाहिजे. आम्ही विद्यार्थी जायला तयार आहोत. सोबत महाविद्यालयाचे पत्र हवे.

ते होईपर्यंत तीन गोष्टी बिनपैशांच्या आहेत. संगणक कक्ष तासिका संपल्यावर कुलूप न लागता सायंकाळी सहापर्यंत उघडा राहावा. स्वच्छ हस्ताक्षरातला प्रकल्प टाइप केलेल्याच्या बरोबरीने स्वीकारला जावा. मांडणीचे गुण विचारांच्या मांडणीला असावेत, अक्षरांच्या छपाईला नव्हे. आणि प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यात मराठी युनिकोड टंकलेखनाचे चार तास सगळ्यांना व्हावेत. एवढे झाले तर निदान चौकोन तरी छापले जाणार नाहीत.

परवा आत्या पुन्हा आली होती. मी प्रकल्पाचा तक्ता लिहीत होते, भाऊ आपली पाळी कधी येते म्हणून मागे उभा होता. तिने पडद्यावर पाहिले आणि विचारले, "हे काय?" मी म्हटले, "चाकणला आलेल्या मजुरांचा हिशोब." ती जरा वेळ वाचत राहिली. माझे काका, म्हणजे तिचे यजमान, चाळीस वर्षांपूर्वी असेच पिशवी घेऊन इकडे आले होते. मग ती म्हणाली, "यात तेव्हाचं भाडंही लिही. दोघांत एक खोली होती आमची, साठ रुपये." मी एक रकाना वाढवला.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला